न शिणवणारी जोडी

१

विजयकुमारच्या घरात कुकरची शिट्टी होऊ देत नसत. शिट्टी फुरफुरायला लागली की मंजुषा पळत जाऊन गॅस बंद करायची. त्यामुळे त्या घरातली डाळ कायम जराशी कच्चीच असायची, आणि आलेगेले पाव्हणे मनातल्या मनात सुनेला नावं ठेवायचे. बिचारीचा काय दोष? नवऱ्याचे कानच तसे झाले होते.

कळमनुरीच्या बाहेर, नांदेड रोडला त्याचा हळद पॉलिशचा कारखाना. उकडून वाळवलेली हळकुंडं लोखंडी ड्रममध्ये घालायची आणि ड्रम फिरवायचा, म्हणजे वरची साल झडून हळद सोन्यासारखी निघते. निघते खरी, पण तो खडखडाट! शेजारी उभा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. अशा खडखडाटात त्याची पंधरा-वीस वर्षं गेलेली. माणूस बहिरा झाला असता तर एकवेळ बरं, पण झालं उलटंच. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला प्रत्येक आवाज बोचायचा. टीव्हीतल्या बायका बोलल्या की दात आंबायचे. चमचा ताटाला लागला की कपाळ उठायचं. नांदेडच्या डॉक्टरनं कानात बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, "कान ठणठणीत आहेत. शिणलेत फक्त."

आता शिणलेल्या कानाला कुठं खाटेवर झोपवायचं, ते तुम्हीच सांगा.

याचं खरं दुःख वेगळंच होतं. आरोही, त्यांची एकुलती पोरगी, चौथीला होती आणि गात होती. गळा असा की बाजारातली भाजीवालीसुद्धा म्हणायची, "म्हण बाई एक, मग कोथिंबीर घेऊन जा." पण घरात ती गात नसे. कुणी दम दिला नव्हता, तिचं तिलाच कळलं होतं. न्हाणीघरात बादलीच्या धारेखाली हळूच गुणगुणायची आणि बाप आला की गप. शाळेच्या गॅदरिंगला तिला बक्षीस मिळालं, तेव्हाही मंडपातल्या कर्ण्यांपुढं विजयकुमारला बसवेना. तो डोकं धरून बाहेर जाऊन उभा राहिला, आणि लेकीचं अख्खं गाणं त्यानं सायकलस्टँडवरून ऐकलं. आरोही काही बोलली नाही. तेच त्याला लागून राहिलं होतं.

लेकीचं गाणं एकदा तरी मांडी घालून, डोकं न धरता ऐकायचं, एवढीच त्याची हौस. आणि हौस म्हटली की माणूस दुकानात जातो.

२

हिंगोलीला आसिफचं दुकान होतं. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, वायरी, सगळं. माणूस सरळ, पण बोलायला लागला की गिऱ्हाइकाला चहा गार होईपर्यंत सोडायचा नाही.

"विजयभाऊ, तुमी मागच्या दिवाळीला जे स्पीकर नेले ना दुसरीकडून, ते काहून नेले? खणखणीत वाजले म्हणून. बराबर?"

"व्हय. दुकानात लई भारी वाटले. घरी नेले तर अर्धं गाणं झालं की डोकं धरलं."

"तीच तर गंमत हाये. जो आवाज पहिल्या घासाला चटकदार लागतो, तोच पुढं पोट बिघडवतो. लोक दुकानात उभ्या उभ्या ऐकतेत, झांजा चमकल्या की खूश होतेत. घरी तेच झांजांचं चमकणं कानात सुई खुपसून राहतं. मी कुणाला दुकानात स्पीकर निवडू देतच न्हाई. घरी न्या, आठवडाभर ठेवा, हळू आवाजात लावा, निवांत बसा. ऐकता ऐकता स्पीकर हाये हेच विसरून गेलात, तर तो तुमचा."

आणि आसिफची एक पद्धत होती. बाजारातलं गाणं लावून पारख करू नका, म्हणायचा. घरातल्या माणसाचा आवाज भरून घ्या आणि तो लावा. सिनेमातली बाई खरी कशी बोलते तुम्हाला काय ठाऊक? पण तुमची माय, तुमचं लेकरू कसं बोलतं हे कानाला पाठ असतं. तिथं स्पीकरला खोटं बोलता येत नाही. हिंगोलीत निम्म्या लोकांनी असेच बायकापोरांचे आवाज लावून स्पीकर घेतले होते.

कोपऱ्यात लाकडी खोक्यांची एक जोडी होती, पुढून तपकिरी कापड लावलेली. कंपनीचं नाव कुठं दिसत नव्हतं.

"ही?" विजयकुमारनं विचारलं.

"ही परत आलेली जोडी हाये. सेनगावकडचं गिऱ्हाईक होतं. मी म्हटलं, का हो, बिघडली का? तर म्हणे, न्हाई, कान अजिबात शिणत न्हाई." आसिफ हसला. "आता ह्याला तक्रार म्हणावं का? मी सोता काय पुरती ऐकली न्हाई. दुकानात गिऱ्हाईक बसू देतं व्हय?"

कान शिणत नाही, एवढंच विजयकुमारनं ऐकलं. पुढचं काही विचारायचं त्याला सुचलंच नाही.

३

गाणं मोबाईलमध्ये भरायचं म्हणून आरोहीला बोलावलं तर पोरगी आधी घाबरलीच. "पप्पा, खरंच म्हणू? मोठ्यानं?"

"म्हण की. तुझ्याच आवाजावर पारख करायचीये."

तिनं आजीची ओवी म्हटली. द्वारकाबाई, म्हणजे विजयकुमारची माय, तरुणपणी जात्यावर ओव्या रचायची. दम्यानं तिचा गळा गेला, पण ओव्या नातीच्या गळ्यात उतरल्या होत्या.

हळदीच्या रानामंदी, ऊन पिवळं सांडलं
माय म्हणे बाई बाई, सोनं कुणी मांडलं

अशी पाच-सहा कडवी. भरून झाल्यावर विजयकुमारनं घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला वायरी जोडल्या, आवाज अगदी बारीक ठेवला आणि सवयीनं कपाळावर हात धरून बसला.

थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपला हात मांडीवर आहे.

काय सांगावं! खोकी तिथं नव्हतीच जणू. पोरगी समोर बसून गात होती. श्वास, जिभेचं टाळूला लागणं, शब्दाच्या शेवटी येणारं तिचं ते हलकं हसू, सगळं होतं आणि काहीही बोचत नव्हतं. तापलेल्या पायावर कुणी गार पाणी सोडावं तसं त्याच्या डोक्यात झालं. गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावं अशी त्यानं सोय करून ठेवली होती. चहा आला आणि त्यावर साय धरली. मंजुषा दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान त्याला नव्हतं.

"अवं, रडून काहून राहिले?"

"मंजू, माझं डोकं दुखेना."

मंजुषानंही पदर डोळ्याला लावला. घरातल्या घरात चोरासारखं वावरणाऱ्या त्या बाईला काय वाटलं असेल! दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम कुकरच्या शिट्ट्या होऊ दिल्या. विजयकुमार नुसता हसला. डाळ मऊ शिजली होती आणि सगळे मिटक्या मारत जेवले.

आसिफला त्यानं फोन करून सांगितलं, "जोडी माझी. परत येत न्हाई आता."

४

मग त्याचा नेमच झाला. कारखान्यातून यायचं, हातपाय धुवायचे, जोडीपुढं बसायचं. आधी जेवणाआधी थोडा वेळ बसायचा. मग जेवण तिथंच व्हायला लागलं. पुढं पुढं तो कारखान्यातून दुपारीच यायला लागला. वैशाखात हळदीचं काम ऐन जोरात असतं, गडी फोनवर फोन करायचे, आणि हा आपला "आलोच" म्हणून तिथंच बसायचा. कान शिणत नव्हता, मग उठायचं तरी कशासाठी?

अशाच एका दुपारी त्याला तो श्वास ऐकू आला.

'ऊन पिवळं' आणि 'सांडलं' यांच्या मधोमध. तिथं श्वास घ्यायची जागाच नाही. आरोहीला शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी शिकवलं होतं, एका दमात ओळ म्हणायची. गाणं त्याला एव्हाना पाठ झालेलं, तो श्वास कालपर्यंत तिथं नव्हता. की होता? चांगला स्पीकर बारीकसारीक सगळं दाखवतो, असं आसिफच म्हणाला होता. आपल्याच कानाला उशिरा कळलं असेल. विजयकुमार बारावी सायन्स झालेला माणूस, असल्या गोष्टींनी हलणारा नव्हता. त्यानं मोबाईलची वायर काढली आणि तेच गाणं नुसत्या मोबाईलवर लावलं. ओळ एका दमात गेली. मोबाईलचा स्पीकर तो केवढा, त्यात श्वास कुठला यायला, असं म्हणून त्यानं वायर पुन्हा जोडली.

पुन्हा तो श्वास आला. आणि त्याच्यामागून, अगदी हलका, आवंढा गिळल्याचा आवाज.

"आरोही कुठंय?" त्यानं हाक मारून विचारलं.

"झोपलीय," आतून मंजुषा म्हणाली. "शाळेला सुट्ट्या लागल्यापासून झोपूनच राहिलीय लेकरू. खेळायला जाईना. आवाज बी बसलाय. उन्हाळ्याचं आसंल."

मंजुषा तिला गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं घसा तपासला आणि विचारलं, "फार ओरडते का ही? घशावर खूप ताण दिसतोय. बोलणं कमी करा जरा."

मंजुषाला हसावं की रडावं कळेना. त्या घरात पोरगी कधी मोठ्यानं बोलली असेल तर शपथ!

घरी आल्यावर हे तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं ऐकलं, मान हलवली, आणि गाणं लावलं. इथं मला त्याचा राग येतो. पण कपाळ दुखणं ज्याचं त्यालाच ठाऊक, आणि इतक्या वर्षांनी ते थांबलं होतं.

५

आवाज दिवसेंदिवस खरखरीत व्हायला लागला. विजयकुमारनं वायरी बदलल्या, कापडावरची धूळ झटकली. कडव्यांच्या मधलं अंतर वाढत चाललं होतं. एक ओळ निम्मीच आली आणि पुढची सुरू झाली. हे सगळं त्याला कळत होतं, आणि तरीही कान शिणत नव्हता. ती फाटलेली, ओढत नेलेली ओवीसुद्धा त्याला गोडच लागत होती. याचीच त्याला पहिल्यांदा भीती वाटली. लेकीचा आवाज असा झालाय आणि आपल्याला बरं कसं वाटतंय?

त्या दिवशी दुपारी बाहेर ऊन रणरणत होतं. पंखा फिरत होता. द्वारकाबाई ओसरीत वाती वळत बसली होती. शेवटचं कडवं संपलं, आणि गाणं पुन्हा सुरू व्हायच्या आधी खोक्यातून आरोहीचा आवाज आला, दमलेला, पण नेहमीसारखा शहाणा.

"पप्पा, पुरं का आता?"

विजयकुमारनं वायर हिसकली. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण बंद केलं. भिंतीतला प्लगही काढला. मग मोबाईलमधलं ते गाणंच पुसून टाकलं, आणि पंख्याखाली घामानं भिजून बसून राहिला. भास झाला, तो स्वतःशी म्हणाला. जास्त ऐकलं की होतं असं. डोक्याला उसंत नाही.

खोली शांत झाली. पण त्याला ती पुरती शांत वाटेना. तो उठला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं त्या तपकिरी कापडाला कान लावला.

आत गाणं चालू होतं. लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं. हळदीच्या रानामंदी. ऊन पिवळं. श्वास. सांडलं.

तो धडपडत आतल्या खोलीत गेला. आरोही खाटेवर उताणी झोपली होती. डोळे मिटलेले, आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता, नुसते ओठ. त्यानं वाकून बघितलं. हळदीच्या रानामंदी. ऊन पिवळं. मग छाती वर आली, खाली गेली, आणि मग, सांडलं.

"आरोही! ए बाई! ऊठ गं!" त्यानं तिला गदागदा हलवलं. तिचे डोळे उघडले नाहीत. ओठही थांबले नाहीत.

६

डॉक्टरच्या सुईनं रात्रभरात काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दोन्ही खोकी गाडीत टाकली आणि हिंगोलीला नेली. आसिफनं मुकाट्यानं मागचे स्क्रू काढले. आत कागदाचा भोंगा, लोहचुंबक, थोडा कापूस. इतर कुठल्याही स्पीकरमध्ये असतं तेच.

"विजयभाऊ, ह्यात तर काहीच न्हाई."

"कान लावा."

आसिफनं कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग चटका बसल्यासारखा मागं झाला आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. "या अल्लाह," तो म्हणाला. "कोन हाये हे लेकरू?"

"माझं हाये."

आसिफनं खोक्यावरचा हात काढून घेतला. दुकानाच्या बाहेर मोटारसायकली जात होत्या, समोरच्या हॉटेलात भजी तळत होती. शेवटी तो म्हणाला, "हितंच ठेवून जा. मी बघतो काय करायचं ते. सेनगावच्या माणसाला फोन लावतो."

फोन लावला. तिकडून कुणीतरी उचलला, पण बोललं नाही. नुसता श्वास येत राहिला, कष्टाचा. आसिफनं फोन ठेवला.

तेवढ्यात मंजुषाचा फोन आला. ती रडत होती. "अवं, ओठ थांबेनात हिचे. पाणी पाजलं तर वघळून जातंय. तुमी या लवकर."

विजयकुमारनं खोक्यांकडं बघितलं. आसिफ म्हणत होता, ठेवून जा. पण लेकीचा आवाज दुकानात, वायरी-अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी ठेवून बाप कसा जाईल? त्यानं आसिफचा जाड हातोडा उचलला. डोक्याच्या वर नेला. आतून ओवी चालूच होती, आणि हातोडा त्यानं हळूच खाली ठेवला. आत लेकरू गात होतं हो. हातोडा कुणावर मारायचा?

त्यानं खोकी पुन्हा गाडीत ठेवली, आणि मागच्या सीटवर ती हलू नयेत म्हणून उपरण्यानं बांधली.

७

द्वारकाबाईला सगळं दिसत होतं. तिनं कुणाला काही विचारलं नाही. लेकानं खोकी परत जागेवर ठेवल्यावर ती काठी टेकत आली, कापडाला कान लावला आणि तिथंच खाली बसली.

"माझी ववी म्हणून राहिलीय," ती म्हणाली.

"माय, मी बंद केलंय गं. वायर काढली, गाणं पुसलं. थांबेना."

"बंद करून कसं थांबंल? सप्त्यात वीणा खाली ठेवतेत का रं?"

विजयकुमार तिच्याजवळ सरकला.

"पहाऱ्याला उभ्या माणसाचे पाय मोडून आले, तरी त्याला वीणा भुईला ठेवता येत न्हाई. दुसरा येतो, त्याच्या पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घालून घेतो. तवा पहिला सुटतो. तू लेकराच्या गळ्यात घातलीस आन ऐकत बसलास. तिच्या पहाऱ्याला कोन आलं?" तिला खोकल्याची उबळ आली. दम लागला. "मीच घेतली आसती. पण ह्या मेल्या दम्यानं दोन वळी बी पुऱ्या व्हायच्या न्हाईत माझ्या."

हे खुळ्याचं बोलणं आहे, असं त्याच्या मनात एकदा येऊन गेलं. मायचं वय झालंय. पण दुसरं काही सुचतही नव्हतं, आणि आत मंजुषा लेकीचे ओठ ओल्या फडक्यानं पुसत रडत होती.

तो आतल्या खोलीत गेला. सप्त्यात वीणेकऱ्याचं वय बघत नाहीत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानं खाटेच्या पायथ्याशी जाऊन आपल्या चौथीतल्या पोरीच्या पावलांवर डोकं टेकलं. पावलं तापलेली होती.

मग बाहेर येऊन तो खोक्यांपुढं बसला. आयुष्यात कधी गायला नव्हता. आरतीतसुद्धा नुसत्या टाळ्या वाजवायचा. कापडाला तोंड लावून त्यानं आतल्या आवाजाची ओळ पकडली आणि तिच्याबरोबर म्हणायला लागला. भसाडा, बेसूर. पहिल्या कडव्याला दोघं बरोबर होते. दुसऱ्याला तिचा आवाज एक पाऊल मागं राहिला. तिसऱ्या कडव्याच्या मधोमध तिचा आवाज थांबला, ओझं उतरवल्यावर माणूस हुश्श करतो तसा एक श्वास आला, आणि मग आत फक्त त्याचाच आवाज राहिला.

आतून मंजुषा ओरडली, "अवं! डोळे उघडले! आरोहीनं डोळे उघडले!"

आणि लेकीचा खणखणीत आवाज घरभर झाला, "मम्मी, भूक लागली. भाकर दे."

विजयकुमारला पळत जाऊन तिला कवटाळायचं होतं. तो उठला, "आलो गं बाई" म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्यातून नुसती हवा बाहेर आली.

८

घरात दिवाळी झाली. आरोही दोन भाकरी खाऊन अंगणात पळाली. मंजुषानं देवापुढं साखर ठेवली. नवऱ्याचा आवाज गेलाय हे कळल्यावर ती म्हणाली, "येवढं वरडल्यावर बसंलच की. लेकरू उठलं, आता आवाज बी येईल." विजयकुमार मान डोलवत राहिला. त्यालाही तसंच वाटायचं. लेक वाचली होती. बदल्यात आवाज गेला तर गेला, तसाही ड्रमच्या खडखडाटात त्याचा आवाज कोण ऐकत होतं?

पण तो दमायला लागला. काही न करता. भिंतीला टेकून बसला तरी घसा कोरडा पडायचा, बरगड्या दुखायच्या. त्याचे ओठ हलत असायचे. त्यानं ते दाबून धरले तर जीभ आत हलायची. द्वारकाबाईनं एकदा ते बघितलं आणि ती तोंड फिरवून रडली. मग मंदिरात गेली. गावातल्या भजनकऱ्यांना सांगून बघते, कुणी पहारा घ्यायला येतंय का, म्हणाली. ती संध्याकाळपर्यंत परत आली नव्हती.

दिवस मावळतीला आला होता. मंजुषा केर काढता काढता खोक्यांजवळ आली आणि थबकली. झाडू तसाच हातात धरून ती वाकली. मग खाली बसली.

"अगंबाई," ती म्हणाली, "हे तर तुमी म्हणून राहिले." तिच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेलं सुख पसरलं. "किती गोड म्हणता हो तुमी. मला कधी म्हणून दाखवलं न्हाई."

विजयकुमारनं हात हलवले. ऊठ, तिथून ऊठ, असं तो खुणावत होता. तिनं बघितलंच नाही. स्वयंपाकघरातून डाळ लागल्याचा वास यायला लागला. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता. मंजुषा डोळे मिटून, डोकं किंचित कलतं करून ऐकत होती.

त्यानं उठायचा प्रयत्न केला. पाय त्याचे राहिले नव्हते. दिवसरात्र उभं राहून पहारा दिल्यासारखे ते थरथरत होते. तो भिंतीला धरून पुन्हा खाली बसला.

तेवढ्यात अंगणातून आरोही आली, घामेजलेली, केस विस्कटलेले. तिनं आधी आईकडं बघितलं, मग खोक्याजवळ जाऊन क्षणभर ऐकलं. मग बापाच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत ती त्याच्याजवळ आली. पदर नव्हता म्हणून फ्रॉकच्या टोकानं तिनं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पप्पा, लई दमलात न तुमी?"

त्यानं जोरानं मान हलवली. नाही. नाही. त्यानं तिचा हात धरायला हात पुढं केला, पण त्या हातात बळ नव्हतं. तोंडातून शब्द निघायला हवा होता, एकच शब्द, पण त्याचा आवाज तर तिकडं, कापडामागं, ऊन पिवळं सांडलं म्हणत होता.

"माझ्यासाठी म्हटलं न तुमी? आजीनं सांगितलं मला." आरोही त्याच्या पायांशी सरकून बसली. चौथीतली शहाणी पोरगी. सप्त्यात आजीच्या मांडीवर बसून तिनं सगळं बघितलेलं होतं, कोण कुणाचा पहारा कसा घेतो ते. तिनं मांडी घातली, पाठ ताठ केली, बाईंनी शिकवल्याप्रमाणं पोटातून श्वास भरून घेतला.

आणि वाकून तिनं बापाच्या पायांवर डोकं टेकलं.